पंख्याखाली वारा लागतो, पंख्याच्या वर का लागत नाही? ड्रोनच्या पात्यांभोवतीच्या हवेचं गणित

दिवाळीत आत्याकडे गेलो होतो, सांगली जिल्ह्यात, आणि शेजारच्या रानात ड्रोनने उसावर फवारणी चालू होती. सहा पंख्यांचा ड्रोन, खाली दहा लिटरची टाकी, आणि तो जिकडून जाईल तिकडे उसाचे शेंडे लोळत होते. मी आणि काका बांधावर उभे. काका बराच वेळ गप्प बघत होते, मग म्हणाले, "काय रे, तू विमानाच्या हवेचंच काहीतरी करतोस ना? मग सांग, एवढा वारा मारतंय तर औषध पानावर बसतंय का माझ्या रानात येतंय?"

आता खरं सांगायचं तर मी पोटापाण्यासाठी हेच करतो, पात्यांभोवतीची हवा कॉम्प्युटरवर मांडायची, आणि तरी मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर झाली, 15,000 बचत गटांना ड्रोन द्यायचे असं ठरलं, त्यामुळे आता हा प्रश्न काकांचा एकट्याचा राहिलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. शाळेतली गुणाकाराची तयारी पुरे.

आधी घरातला पंखा

सिलिंग फॅन पाचवर लावा आणि खाली उभे राहा, वारा लागतो. आता स्टुलावर चढून (जपून, हात लांब ठेवून) पंख्याच्या वरच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर वारा शोधा. जवळजवळ काहीच नाही. पण खाली येणारी हवा वरूनच तर येत असणार ना, मग वर शुकशुकाट का?

मेणबत्ती आठवा. फुंकर मारून ती हातभर लांबून विझते, पण श्वास आत ओढून विझवून दाखवा बघू, ओठ भाजतील तरी विझणार नाही. कारण हवा ओढताना ती चारी बाजूंनी येते, सगळीकडून थोडी थोडी, आणि फेकताना एकाच दिशेने झोत बनून जाते. पंखा तेच करतो, ड्रोन तेच करतो, हेलिकॉप्टर तेच करतं. खाली जाणाऱ्या त्या झोताला डाउनवॉश म्हणतात. शब्द पाठ नाही झाला तरी चालेल, मी पुढे झोतच म्हणेन.

पाती काढूनच टाका

पहिलं गणित ऐकायला वेडेपणाचं वाटतं. पाती विसरायची. किती आहेत, केवढी आहेत, वाकडी का सरळ, काही बघायचं नाही. त्यांच्या जागी एक पातळ गोल चकती आहे असं समजायचं, जिच्यातून हवा जाते आणि जाताना तिला खाली ढकललं जातं, बस. ही कल्पना विमानाच्याही आधीची आहे, 1865 साली स्कॉटलंडच्या रँकिनने आगबोटीच्या पंख्यासाठी मांडली आणि नंतर इंग्लंडच्या फ्रूडने 1889 मध्ये तिला आकार दिला.

आपण काकांच्या समोरचा ड्रोन घेऊ. टाकी भरून वजन 25 किलो धरा, सहा पंखे, प्रत्येकाचा व्यास 30 इंच. सहा चकत्यांचं मिळून क्षेत्रफळ होतं पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास. ड्रोन हवेत स्थिर राहायचा तर त्याने हवेला तेवढ्याच जोराने खाली ढकललं पाहिजे जेवढ्या जोराने पृथ्वी त्याला ओढते. हे मांडलं की उत्तर येतं: चकतीतून जाताना हवेचा वेग सेकंदाला 6 मीटर, आणि खाली झोत पूर्ण तयार झाल्यावर त्याच्या बरोब्बर दुप्पट, 12 मीटर, म्हणजे ताशी 44 किलोमीटर. मोटरसायकलवर हेल्मेटची काच वर करून बसल्यासारखं. आणि हवा किती? दर सेकंदाला 20 किलो. हो, हवेला वजन असतं, घनमीटरला साधारण 1.2 किलो, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीतली अर्ध्याहून जास्त हवा तो ड्रोन एका सेकंदात खाली ओततो. उसाचे शेंडे लोळतात त्यात नवल ते काय.

याच गणितातून आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. तेवढंच वजन उचलायला पंख्याचा व्यास दुप्पट केला तर लागणारी ताकद निम्मी होते. थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा हळू ढकलणं स्वस्त पडतं. हेलिकॉप्टरचा पंखा एवढा अवाढव्य का असतो त्याचं उत्तर हे. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरच्या पंख्याचा व्यास 13.2 मीटर आहे, आणि साडेपाच टन वजन धरून हेच गणित केलं तर झोत येतो ताशी 90 किलोमीटरच्या पुढे, म्हणून हेलिपॅडजवळ लोक टोप्या धरून वाकून पळतात.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत ना, त्यांनाही हीच चकती लागू पडते, फक्त उलटी, तिथे चकती हवेकडून ताकद घेते. कितीही भारी पवनचक्की आणा, येणाऱ्या वाऱ्यातली 59.3 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा ती काढू शकत नाही, हे बेट्झ नावाच्या जर्मन माणसाने 1920 च्या सुमारास दाखवलं, आणि तेही पात्याचा आकार न बघताच.

अहो पण पाती तर आहेत की

आहेत. चकती सांगते की किमान किती ताकद लागेल, पण पातं कसं कापायचं, किती पीळ द्यायचा, किती वेगाने फिरवायचं, याबद्दल ती तोंड उघडत नाही. इथे राइट बंधूंचा किस्सा सांगायलाच हवा. त्यांना वाटलं होतं की बोटींचे पंखे इतकी वर्षं बनतायत तर कुठेतरी तयार सूत्र असणार, ते उचलायचं आणि हवेसाठी वापरायचं. शोधलं तर बोटवाले बहुतेक अंदाजपंचेच काम करत होते. मग दोघं महिनोनमहिने भांडले, अगदी खोलीत उभं राहून, आणि शेवटी या मुद्द्यावर आले की पंख्याचं पातं म्हणजे दुसरं तिसरं काही नसून गोल गोल फिरत पुढे जाणारा विमानाचा पंखच आहे.

एकदा हे पटलं की पुढचं सोपं. उसाची कांडी करतो तसं पात्याचे तुकडे करायचे, प्रत्येक कांड्यावर हवा कुठल्या कोनातून आणि किती वेगाने येते ते काढायचं, त्यावर किती जोर पडतो ते त्या आकाराच्या मोजलेल्या तक्त्यातून बघायचं, आणि सगळ्यांची बेरीज. आपल्या ड्रोनचा 30 इंची पंखा मिनिटाला अडीच हजार फेरे घेतोय असं धरा, तर पात्याचं टोक सेकंदाला 100 मीटरने पळतंय, अर्ध्यावरचं कांडं 50 ने, आणि मधल्या बोल्टाजवळचं जवळपास जागच्या जागी. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे अर्ध्यावरचं कांडं टोकाच्या चौथाईवर आलं. म्हणून पात्याला पीळ असतो, बुडाशी जास्त कलतं आणि टोकाशी जवळजवळ सपाट. टेबलफॅन बंद करून नीट बघा, दिसेल.

राइट बंधूंनी 1903 ला जे लाकडी पंखे तासून काढले त्यांच्या हुबेहूब नकला अलीकडे तपासल्या तेव्हा इंजिनाच्या ताकदीतली 75 टक्क्यांच्या आसपास ताकद ते कामाला लावत होते असं निघालं. वही, पेन्सिल आणि घरी बनवलेला वाऱ्याचा बोगदा, एवढ्यावर. मला आजही हे वाचून जरा लाज वाटते.

आज ड्रोन बनवणारी मंडळी सुरुवातीला हेच करतात, चकती आणि कांडी एकत्र. साध्या लॅपटॉपवर पापणी लवायच्या आत उत्तर येतं.

हवा मागचं विसरत नाही

आता घोळ सुरू होतो. पात्याच्या खाली हवेचा दाब जास्त, वर कमी. टोकापाशी आल्यावर खालच्या हवेला वर पळायला मोकळी वाट मिळते, ती वळसा घालून वर जाते आणि टोकाच्या मागे एक बारीक जोरकस भोवरा सुटतो. पातं फिरतंय, त्यामुळे भोवरा स्प्रिंगसारखा वेटोळी घेत खाली उतरतो. टोकाशी त्यामुळे जोर कमी पडतो, त्याची दुरुस्ती जर्मनीच्या प्रांट्लने 1919 मध्ये एका साध्या सूत्रात दिली, आजही तीच वापरतात.

पण सूत्राने भोवरा जात नाही. एका पात्याने सोडलेला भोवरा पुढच्या पात्याच्या वाटेत येतो. हेलिकॉप्टर खाली उतरताना जो फट्-फट्-फट् आवाज येतो ना, त्यातला मोठा भाग म्हणजे पाती आपल्याच आधीच्या भोवऱ्यांवर आपटतायत.

आणि कधीकधी हे नुसत्या आवाजावर थांबत नाही. समजा हेलिकॉप्टर सरळ खाली येतंय, आणि येतंय तेही जवळपास स्वतःच्या झोताच्याच वेगाने. मग ढकललेली हवा खाली निघून जाणार कुठे, ती बाजूने वर येते, पुन्हा वरून आत ओढली जाते, पुन्हा खाली. पंख्याभोवती मेदूवड्याच्या आकाराचा भोवरा तयार होतो आणि पंखा तीच ती हवा घुसळत बसतो. पायलट घाबरून ताकद वाढवतो तर वडा आणखी जोरात फिरतो. इथे रँकिनची चकती सपशेल आपटते, कारण तिचं सगळं गणित 'हवा वरून येते आणि खाली जाते' यावर उभं आहे आणि इथे ती जातच नाही. एप्रिल 2000 मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या मराना इथे ऑस्प्रे जातीचं विमान (दोन्ही बाजूंना एकेक मोठा पंखा असलेलं, हेलिकॉप्टरसारखं सरळ उतरणारं) असंच एका बाजूच्या पंख्याने अडकलं आणि उलटलं, 19 जण गेले. तुमच्या ड्रोनमध्ये खाली यायचा वेग वर जायच्या वेगापेक्षा कमी बांधून ठेवलेला असतो, त्याचं एक मोठं कारण हा वडा आहे. उगाच सेटिंग उघडून तो वेग वाढवू नका, एवढं ऐका.

तसंच दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं. 2 मे 2011, अबोटाबाद. लादेनच्या घराच्या आवारात उतरताना अमेरिकेचं एक हेलिकॉप्टर आदळलं. नंतर सांगण्यात आलं ते असं की घराभोवती उंच भक्कम भिंती होत्या, झोताला बाहेर पसरायला जागा मिळाली नाही आणि हवा आतल्या आत फिरत राहिली, वर उकाडाही अंदाजापेक्षा जास्त होता. अमेरिकेत सरावासाठी घराची प्रतिकृती बांधली होती, पण तिथे भिंतींच्या जागी जाळीचं कुंपण लावलेलं. जाळीतून हवा आरपार गेली, सराव झकास झाला. माझ्या मते आमच्या धंद्यातला सगळा धोका या एका जाळीत आहे. सराव काय किंवा गणित काय, दोन्ही खऱ्या गोष्टीची नक्कल, आणि नक्कल करताना काहीतरी गाळावंच लागतं, प्रश्न एवढाच की जे गाळलं तेच नेमकं महत्त्वाचं होतं का.

मग सुपरकॉम्प्युटरला सांगा की सगळं करायला

हे मला हमखास ऐकायला मिळतं. आता तर एआय आहे वगैरे. बरं, करून बघू. या प्रकाराला सीएफडी म्हणतात, हवा वाहण्याचे मूळ नियम कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायचे. त्यासाठी ड्रोनभोवतीच्या हवेचे बारीक बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात दाब आणि वेग किती ते काढायचं. रांगोळीचे ठिपके समजा. ठिपके विरळ असले तर कमळ चौकोनी दिसतं, दाट घातले की पाकळी पाकळी उमटते.

ड्रोनभोवती 10 मीटर लांब, रुंद, उंच अशी पेटी घ्या आणि 1 सेंटीमीटरचे घर पाडा. किती झाले? 100 कोटी. आणि पात्याला 1 सेंटीमीटर चालतच नाही, कारण पात्याला चिकटून जो हवेचा थर असतो तो नीट पकडायला पृष्ठभागाजवळचं घर केसाच्या जाडीपेक्षा बारीक लागतं. शिवाय पातं फिरतंय, म्हणजे दर अंशाला सगळं गणित नव्याने. मिनिटाला अडीच हजार फेरे म्हणजे सेकंदाला जवळपास 42, गुणिले 360, झाले 15 हजार. एका सेकंदाच्या उड्डाणासाठी 100 कोटी घरांचा हिशोब 15 हजार वेळा. आता तुम्हीच सांगा.

म्हणून कोणी असं सगळीकडे सारखं करत नाही. पात्याजवळ ठिपके दाट, लांब विरळ, आणि पात्याच्या सोबत फिरणारी एक वेगळी जाळी (या घरांच्या मांडणीलाच आम्ही जाळी म्हणतो) जी बाहेरच्या स्थिर जाळीवर सरकत राहते. तरीही नामी लबाड्या कराव्या लागतात. हवेतली अगदी बारीक खळबळ घरात मावत नाही, तिचा सरासरी परिणाम अंदाजाने घालतात. आणि विरळ जाळीत भोवरे आपोआप विरतात, पाण्यातला गुळाचा खडा विरघळावा तसे, खऱ्या हवेत ते टिकले असते तरी. चित्र रंगीत आणि देखणं येतं, साहेब खूश होतात, आणि नेमका जो भोवरा बघायचा होता तो जाळीने गिळलेला असतो. म्हणून काही लोक जाळीच टाळतात आणि फक्त भोवऱ्यांचे दोरे हवेत कसे वाहतात तेवढंच सोडवतात. स्वस्तात पडतं, आणि भोवरे शाबूत राहतात.

माझं स्वतःचं सांगतो. कॉलेजात असताना एकदा चार दिवस एक रन चालवला, पाचव्या दिवशी बघतो तर पंखा ड्रोनला खाली ढकलतोय. फिरण्याच्या दिशेचं चिन्ह उलटं पडलं होतं, अधिकच्या जागी उणे. चकतीच्या त्या दोन ओळींच्या गणिताशी आधी ताडून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून रँकिनबाबांना नमस्कार केल्याशिवाय मी कॉम्प्युटर चालू करत नाही.

बाकी या हिशोबासाठी आपल्याकडे काय काय झालंय तेही माहीत असू दे. बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमानविद्येच्या प्रयोगशाळेत 1986 साली फ्लोसॉल्व्हर नावाचा समांतर कॉम्प्युटर बनवला, नावातच प्रवाहाचं गणित आहे. आणि 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली, तिथून 1991 ला परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर आला, आपले विजय भटकर तेव्हा प्रमुख.

एवढं कशाला, उडवूनच बघा ना!

बरोबर आहे, ड्रोन स्वस्त आहे, उडवा आणि बघा. पण सगळीकडे ते जमत नाही. नासाने मंगळावर इन्जेन्युइटी नावाचं छोटं हेलिकॉप्टर पाठवलं, वजन 1.8 किलो, आणि पंख्याचा व्यास 1.2 मीटर, म्हणजे तुमच्या घरच्या सिलिंग फॅनएवढाच, एकावर एक असे दोन. पण मंगळावरची हवा पृथ्वीच्या तुलनेत साधारण एक टक्का दाट. आपला फॅन मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे घेतो, याला 2,400 च्या वर लागले. जास्त जोरात फिरवावं तर दुसरीच अडचण, मंगळावर आवाजाचा वेग पृथ्वीपेक्षा कमी, पात्याचं टोक त्याच्या जवळ पोचलं की सगळं बिनसतं. तिथे 'उडवून बघू' म्हणायला दुसरी संधी नाही. कॅलिफोर्नियात एका मोठ्या लोखंडी कोठीतली हवा उपसून, मंगळासारखी विरळ कार्बन डायऑक्साइड भरून चाचण्या केल्या, वजन कमी भासावं म्हणून वरून दोरीने हलकेच ओढून धरलं, आणि बाकीचं गणितावर सोडलं. 19 एप्रिल 2021 ला ते उडालं. त्यात राइट बंधूंच्या विमानाच्या पंखाच्या कापडाचा एक तुकडा चिकटवून पाठवला होता. पाच उड्डाणं ठरली होती, जानेवारी 2024 पर्यंत 72 झाली. मधे ऋतू बदलून हवा आणखी विरळ झाली, तेव्हा फेरे 2,700 पर्यंत न्यावे लागतील हे इथे बसून गणितानेच सांगितलं.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं

ड्रोन जागच्या जागी थांबून असेल तर झोत सरळ खाली जातो. पण ड्रोन सेकंदाला 5 मीटरने पुढे पळत असेल तर झोत मागे झुकतो, आपल्या आकड्यांनी चकतीपाशी जवळजवळ 45 अंश. म्हणजे औषध ड्रोनच्या खाली नाही, मागे पडतंय, आणि वेग आणखी वाढवला तर झोत उसाच्या आत शिरायच्या आधीच वरच्या वर वाहून जातो. घाई करणारा पायलट म्हणूनच वाईट.

दुसरं म्हणजे टाकी. भरलेली असताना 25 किलो, रिकामी होताना 15. झोत ताशी 44 वरून 34 वर येतो. सरीच्या सुरुवातीचं पान आणि शेवटचं पान यांना सारखा मारा मिळत नाही, हे चकतीच्या गणिताने कागदावर दिसतं, कॉम्प्युटर नको.

आणि कडेचे पंखे. त्यांच्या बाहेरच्या बाजूला ते टोकाचे भोवरे असतात, बारीक थेंब त्यात सापडला की वर उचलला जातो, मग वारा नेईल तिकडे. इथे चकती काही कामाची नाही, इथे जाळीवालं किंवा भोवऱ्यांचं गणितच लागतं, आणि ते सांगतं की नोझल पंख्यांच्या टोकापासून आत घ्या, थेंब जरा मोठा ठेवा.

पण ऊस काही सपाट जमीन नाही, तो हलतो, वाकतो, पाचट असतं, त्याचं गणित अजून आम्ही अंदाजानेच घालतो. म्हणून शेवटी एक साधी युक्ती. पिवळे कागद मिळतात, पाण्याचा थेंब पडला की तिथे निळा ठिपका उमटतो. मी परत जाताना काकांना डझनभर देऊन आलो, वरच्या पानाला एक, कमरेएवढ्या उंचीला एक, आणि बांधाच्या अलीकडे त्यांच्या रानात दोन-तीन असे लावायला सांगितले. आठवड्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. वरचा कागद निळाशार, मधल्यावर मोजून सात ठिपके, आणि बांधाच्या अलीकडच्या एकावर चार. खाली काकांचा मेसेज: "हे चार त्याला दाखवू का?"